ग्वाल्हेरची बोली, लष्करची मराठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याला लागून, टोपी बाजार आहे. गल्ली अरुंद, दुकाने दाटीवाटीची आणि सणासुदीला पाय ठेवायला जागा नाही. भाव ठरतो हिंदीत, घासाघीसही हिंदीतच. पण बाजारातून बाहेर पडून आसपासच्या वस्त्यांची नावे विचारत निघाले, की मराठी माणसाचे कान टवकारतात. खासगी बाजार, फालका बाजार, पाटणकर बाजार, हुजरात, चिटणीस की गोठ, बक्षी की गोठ, ढोलीबुवा का पुल. खासगी म्हणजे राजघराण्याच्या घरखर्चाचे खाते. हुजरात म्हणजे धन्याची स्वतःची पागा. चिटणीस आणि बक्षी ही दरबारातली पदे, फाळके आणि पाटणकर ही घराणी. मराठेशाहीच्या कारभाराची सगळी उतरंड इथल्या पत्त्यांत जपलेली आहे. ‘चिटणीस की गोठ’ या नावात तर दोन्ही टोकांना मराठी शब्द आणि मध्ये हिंदी प्रत्यय, अशी दोन भाषांची कायमची सांधेजोड आहे.

बाजारातली हिंदी आणि पत्त्यांतली मराठी यांच्याखाली आणखी एक जुना थर आहे. मराठे इथे येण्याच्या साडेतीनशे वर्षे आधी याच शहरात एक लोकभाषा दरबारात चढली, तिच्यात महाभारत रचले गेले, तिच्यात राजा गाणे बांधू लागला आणि पुढे ती उत्तर हिंदुस्थानभर पसरली. भाषा कशी वाढते आणि तिला मोठे करणारे राज्य गेल्यावर ती कशावर तगते, हे दोन्ही प्रश्न ग्वाल्हेरात एकाच जागी तपासता येतात. जोडीला ओडिशाचा इतिहास ठेवला, तर उत्तर आणखी स्पष्ट होते.

पाच जणांनी शंभरांना कसे जिंकले?

पंधराव्या शतकात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर तोमर राजे होते. उत्तरेला दिल्लीची सुलतानी, पूर्वेला जौनपूर, दक्षिणेला माळवा. तिघांच्या कचाट्यातले हे लहानसे राज्य कधी लढत, कधी खंडणी देत टिकून होते. डूंगरेंद्रसिंह तोमराच्या काळात, १४३५ मध्ये, विष्णुदास नावाच्या कवीने इथे ‘पांडवचरित’ रचले. काव्याच्या आरंभी राजा कवीला विचारतो, की पाच पांडवांनी शंभर कौरवांना कसे हरवले. चहूकडून वेढलेल्या राजाला हा प्रश्न पडणे अगदी साहजिक होते आणि त्याला उत्तर हवे होते ते रोजच्या बोलीत. विष्णुदासाने पुढे रामायणाची कथाही याच भाषेत सांगितली.

त्याच काळात किल्ल्याच्या खडकांत जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या जात होत्या आणि रइधू हा जैन कवी अपभ्रंशात एकामागून एक ग्रंथ लिहीत होता. म्हणजे एकाच शहरात, एकाच राजाच्या छत्राखाली मावळती साहित्यभाषा आणि उगवती साहित्यभाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. जुनी भाषा संपली आणि मग नवी सुरू झाली, असे भाषेच्या इतिहासात सहसा होत नाही. दोघी बराच काळ एकाच घरात राहतात. कोणता विषय कोणत्या भाषेत लिहायचा, एवढेच बदलत जाते.

उगवत्या भाषेचा खरा भाग्योदय झाला तो मानसिंह तोमराच्या कारकिर्दीत (१४८६–१५१६). मानसिंहाला गाण्याचे वेड होते. त्याच्या नावावर ‘मानकुतूहल’ हा संगीतग्रंथ आहे. औरंगजेबाच्या काळात फकिरुल्लाह या सरदाराने त्याच्या आधारे ‘रागदर्पण’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. मानसिंहाच्या दरबारात ध्रुपदाला जे रूप आले, त्यात भाषेच्या दृष्टीने मोठी घडामोड होती. जुने प्रबंध संस्कृतात गायले जात. ध्रुपदाचे स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग हे चारही भाग देशी भाषेत बांधले गेले. गाण्याची प्रतिष्ठा तीच राहिली, पण शब्द आता कुणालाही कळणारे झाले. फकिरुल्लाहने ग्वाल्हेर आणि आसपासच्या टापूला ‘सुदेश’ म्हटले आणि इराणात शिराझच्या फारसीला जो मान, तो हिंदुस्थानात या टापूच्या बोलीला दिला.

मानसिंह गेला आणि थोड्याच वर्षांत इब्राहीम लोदीने किल्ला घेतला. मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य १५२६ मध्ये पानिपतावर लोदीच्या बाजूने लढताना पडला. राज्य बुडाले, आश्रयदाता गेला. भाषेचे काय झाले? गवयांनी ती बरोबर नेली. नायक बख्शू ग्वाल्हेरहून कालिंजरला आणि तिथून गुजरातच्या बहादूरशहाकडे गेला. त्याच्या नावाची एक हजार ध्रुपदे शाहजहानच्या काळात ‘सहसरस’ या संग्रहात गोळा झाली. तानसेन आधी रेवाच्या राजाकडे आणि मग १५६२ मध्ये अकबराच्या दरबारी पोचला. अबुल फजलने अकबराच्या गवयांची यादी दिली आहे, तिच्यात ग्वाल्हेरवाले मोठ्या संख्येने आहेत. इकडे मथुरा–वृंदावनात कृष्णभक्तीचे संप्रदाय बहरले, तिथल्या कवींनी याच भाषेच्या परंपरेला आणखी उंच नेले आणि कालांतराने ‘ब्रज’ हे नाव रूढ झाले. जुन्या काळी या साहित्यभाषेला ‘ग्वालियरी’ असेही म्हणत, याची आठवण हरिहरनिवास द्विवेदी यांनी १९५५ मध्ये ‘मध्यदेशीय भाषा (ग्वालियरी)’ या ग्रंथातून पुन्हा करून दिली.

ही भाषा महाराष्ट्रातही फार लवकर आली. कवी भूषणाने शिवरायांवरचे ‘शिवराजभूषण’ ब्रजभाषेतच लिहिले आणि संभाजीराजांच्या नावावरही या भाषेतील रचना आहेत. तोपर्यंत तिला आश्रय देणाऱ्या पहिल्या राजघराण्याचे राज्य जाऊन दीडशे वर्षे झाली होती.

त्याच वर्षी, पूर्व किनाऱ्यावर

विष्णुदासाने ‘पांडवचरित’ लिहिले त्याच १४३५ साली ओडिशात कपिलेंद्रदेव गजपती गादीवर आला. त्याच्या राज्यात सारळा दासाने ओडिया महाभारत लिहिले. सारळा दास हा दरबारी पंडित नव्हता. तो शेतकरी होता, झंकडच्या सारळा देवीचा भक्त होता आणि स्वतःला शूद्रमुनी म्हणवीत असे. त्याने व्यासांच्या ग्रंथाचा नुसता अनुवाद केला नाही, तर कथेला ओडिशाच्या मातीत आणून बसवले. त्याच्या महाभारतात अर्जुनाला वनात नवगुंजर दिसतो. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाचे शेपूट आणि हातात फूल धरलेला माणसाचा हात, असा नऊ जिवांचा मिळून एक प्राणी. अर्जुन धनुष्य उचलतो, पण तो हात पाहून हे श्रीकृष्णाचेच रूप आहे हे ओळखतो आणि धनुष्य खाली ठेवतो. मूळ संस्कृत महाभारतात ही कथा नाही. आजही पुरीजवळचे चित्रकार पट्टचित्रांत नवगुंजर रंगवतात.

ज्ञानेश्वरीने १२९० मध्ये गीता मराठीत आणली. ग्वाल्हेरात आणि ओडिशात पंधराव्या शतकात महाभारत लोकभाषेत उतरले. प्रदेश वेगळे, काळ पुढेमागे, पण ओढ एकच होती: जे ज्ञान संस्कृतात होते ते घरातल्या भाषेत यावे. सोळाव्या शतकात जगन्नाथ दासाने भागवत ओडियात आणले. आईला संस्कृत कळत नव्हते म्हणून त्याने हे काम हाती घेतले, असे परंपरा सांगते. नऊ अक्षरांच्या चरणांचा हा ग्रंथ पाठ करायला सोपा होता. गावोगावी ‘भागवत टुंगी’ उभ्या राहिल्या. संध्याकाळी गावकरी तिथे जमत, पोथी वाचली जाई आणि तिथेच मुले अक्षरे गिरवीत. आपल्याकडे देवळात ज्ञानेश्वरीचे पारायण चालते, तसेच हे, फक्त त्याला गावात कायमची जागा मिळालेली.

त्या जागेचे मोल पुढे कळले. १५६८ मध्ये मुकुंददेवाबरोबर ओडिशाचे स्वतंत्र राज्य संपले. अफगाण आले, मोगल आले आणि १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. कटकच्या बाराबाटी किल्ल्यावर मराठ्यांचे निशाण १८०३ पर्यंत होते. या बावन्न वर्षांत मराठी ओडिशात रुजली नाही. तिथे सुभेदार, फौज आणि वसुली होती, पण घरे करून राहणारा मराठी समाज मोठ्या संख्येने तयार झाला नाही. उलट मराठेच ओडिया साहित्याचा विषय झाले. ब्रजनाथ बडजेना या कवीने ढेंकानाळच्या राजाने मराठी फौजेशी दिलेल्या झुंजीवर ‘समर तरंग’ हे वीरकाव्य लिहिले. मराठी वाचकाने ते समजून घ्यायला हवे, कारण आपला इतिहास समोरच्या बाजूने कसा दिसत होता, हे आपल्याला अशाच ग्रंथांतून कळते.

ओडियावर खरे संकट आले ते इंग्रजी राज्यात. ओडिया बोलणारा मुलूख बंगाल, मद्रास आणि मध्य प्रांत यांत विभागला गेला. शाळांत बंगाली पुस्तके लावावीत, असा आग्रह सुरू झाला. १८७० मध्ये कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी ओडिया ही स्वतंत्र भाषाच नाही, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका काढली. बालासोरच्या फकीरमोहन सेनापतींनी याला कामाने उत्तर दिले. छापखाना काढला, पाठ्यपुस्तके लिहिली आणि पुढे ‘छ माण आठ गुंठ’ ही, जमीनदाराने गिळंकृत केलेल्या जमिनीच्या तुकड्याची थोर कादंबरी लिहिली. संबळपुरात १८९०च्या दशकात कचेरीतून ओडिया काढून हिंदी आणली गेली. लोकांनी आंदोलन केले आणि १९०३ मध्ये ओडिया परत आली. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा स्वतंत्र प्रांत झाला. भाषेच्या आधारावर उभा राहिलेला हा देशातला पहिला प्रांत. २०१४ मध्ये ओडियाला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीला तो मिळायला २०२४ उजाडले.

तीन शतकांहून अधिक काळ सत्ता परकी असताना ओडिया टिकली ती टुंगीतल्या पोथीमुळे. राज्य गेल्यावर ग्वालियरी टिकली ती गवयांच्या गळ्यामुळे.

छावणीची मराठी

महादजी शिंद्यांची ग्वाल्हेरवरची पकड अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली. हा सेनापती भक्तिपर कविताही करीत असे, मराठीत आणि हिंदीतही. गोव्याकडचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची आणि महादजींची भेट झाल्याची हकीकत परंपरेत सांगितली जाते. राजाने आपल्या कविता पुढे ठेवल्या आणि नाथांनी त्याचा मुलाहिजा न ठेवता परखड मत दिले, असा तिचा आशय.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपला तळ कायमचा ठोकला. त्या तळाचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार आले. टोपी बाजार ज्या बाड्याजवळ आहे, तो या वसाहतीचा मध्य. इथे ओडिशाहून वेगळे घडले. फौजेबरोबर चिटणीस, फडणीस, भिक्षुक, वैद्य, कीर्तनकार आणि सोनार आले, त्यांच्या बायकामुलांसह आले आणि १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे चाळीस वर्षे, त्यांना मराठी दरबाराचा आधार राहिला. दिल्लीच्या बादशहाशी व्यवहार फारसीत होई, पण घरचा हिशेब आणि पुण्याशी पत्रव्यवहार मोडी लिपीतल्या मराठीत चाले. या कागदांचे महत्त्व ओळखणारी माणसेही ग्वाल्हेरातच निघाली. आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ १९२९ पासून प्रसिद्ध करायला घेतली. १९३७ मध्ये रियासतकार सरदेसायांनी संपादलेली महादजींची कागदपत्रे ग्वाल्हेरच्याच आलिजा दरबार छापखान्यातून बाहेर पडली.

देवळात आणि मठात मराठीला दुसरे ठाणे मिळाले. ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनपरंपरा आजही चालू आहे. तानसेनाच्या समाधीपाशी दर वर्षी होणाऱ्या समारोहाची सुरुवात सनईने होते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मिलादही होतो. तोमरांच्या काळातल्या गाण्याच्या वारशाला मराठी कीर्तनकाराने वंदन करावे, ही रीत फक्त ग्वाल्हेरातच पडू शकत होती.

मराठी गळ्यातले ग्वाल्हेरी बोल

शिंद्यांच्या दरबारात हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या बंधूंनी ख्याल गायकीला जे वळण दिले, ते ग्वाल्हेर घराणे म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या शिष्यांत मराठी मंडळी होती. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे गाणे शिकायला दक्षिणेतून एक तरुण आला. तेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). खडतर दिवस काढून मिळवलेली विद्या त्यांनी मिरज–इचलकरंजीच्या मुलखात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ग्वाल्हेरातच कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९१८ मध्ये महाराज माधवराव शिंदे व संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या प्रयत्नांतून माधव संगीत विद्यालय उभे राहिले.

आता भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाचे एखादे पान उघडून पाहावे. मूळ मराठी आवृत्तीत रागाची माहिती मराठीत आहे: वादी कोणता, संवादी कोणता, वेळ कोणती. त्याखाली स्वरलिपीत चीज आहे आणि तिचे शब्द ब्रजभाषेतले आहेत. यमुनेचा काठ, पाणी भरायला निघालेली गवळण, वाट अडवणारा कान्हा, सासू–नणंदेचा धाक. सांगलीच्या किंवा पुण्याच्या मुलाने हे शब्द स्वरांबरोबर पाठ केले, अर्थ गुरूला विचारला आणि पुढच्या मुलाला शिकवले. विष्णुदासाच्या आणि मानसिंहाच्या परंपरेतली भाषा अशा रीतीने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गायली जाऊ लागली. मराठे ग्वाल्हेरात राज्य करायला गेले आणि परत येताना त्या शहराची जुनी भाषा गळ्यात घेऊन आले. माझ्या मते शिंदेशाहीने महाराष्ट्राला दिलेले हे सर्वांत टिकाऊ देणे आहे.

एका घरात दोन साहित्ये

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही झाली. ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीला जन्मलेले भास्कर रामचंद्र तांबे हे मराठी भावगीताचे जनक म्हणावेत असे कवी. त्यांचे आयुष्य माळव्यात आणि ग्वाल्हेरात गेले. उत्तरेचे गाणे कानांवरून जात असताना त्यांची कविता घडली. तिला चालीचे अंग जन्मतःच होते आणि म्हणून पुढे संगीतकारांना ती हाताशी आयती मिळाली. माधव जूलियनांनी संपादलेली त्यांची समग्र कविता १९३५ मध्ये आली. १९३७ मध्ये ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच वारले. गोव्याच्या बा. भ. बोरकरांनी त्यांना गुरुस्थानी मानले. मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला दोनदा भरले: १९२८ मध्ये माधव श्रीहरी अणे यांच्या आणि १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली. संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा स्त्री बसली ती ग्वाल्हेरात.

आणि मग मुक्तिबोध बंधू. खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात गेलेले हे मराठी घराणे. थोरले गजानन माधव मुक्तिबोध १९१७ मध्ये श्योपुरला जन्मले आणि आधुनिक हिंदी कवितेचे शिखर ठरले. धाकटे शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषांची साहित्ये समृद्ध केली. हिंदी कवितेला नवे वळण देणारा ‘तार सप्तक’ हा संग्रह १९४३ मध्ये निघाला. त्यातल्या सात कवींपैकी मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरात जन्मलेले प्रभाकर माचवे या दोघांची घरची भाषा मराठी होती.

पुढच्या पिढीचे काम

ग्वाल्हेरच्या मराठीपुढे आज तोच प्रश्न आहे, जो १५२६ नंतर ग्वालियरीपुढे आणि १५६८ नंतर ओडियापुढे होता. दरबार गेला. शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीचे झाले. मराठी उरली ती घरात, देवघरात, गणेशोत्सवात आणि गाण्याच्या बैठकीत. नातवंडे आजीचे बोलणे समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. बृहन्महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी घरात हे चित्र ओळखीचे वाटेल.

इतिहासाने दिलेले उत्तर साधे आहे आणि ते हातात घेण्याजोगे आहे. ओडियाला टुंगीने राखले, कारण तिथे लोक रोज जमत, मोठ्याने वाचत आणि मुलांना अक्षर देत. फकीरमोहनांनी राखले, कारण त्यांनी भाषेच्या बाजूने भाषणे करण्याबरोबर पाठ्यपुस्तके छापली. ग्वालियरीला गवयांनी राखले, कारण त्यांनी ती परक्या मुलांनाही शिकवली. तिन्ही ठिकाणी भाषेला नेमाची जागा, नेमाची वेळ आणि शिकणारे लहान मूल मिळाले. लष्करमधल्या मराठी मंडळींना हे अशक्य नाही. मठ आहे, संगीत विद्यालये आहेत, घराघरांत मोडी कागद आहेत आणि वाचायला तांब्यांपासून मुक्तिबोधांपर्यंतचे स्वतःचे साहित्य आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांनी मराठी मोठ्याने वाचावी, दोन-चार तरुणांनी मोडी शिकून आपल्याच आजोबांची पत्रे लावावीत आणि बंदिश शिकवणाऱ्या गुरूने तिचा अर्थ मराठीतही सांगावा. शिंद्यांचा दरबार पुन्हा भरणार नाही आणि भाषेला आता त्याची गरजही नाही. तिला रोज वापरणारी माणसे हवीत आणि ती ग्वाल्हेरात अजून आहेत.